झालं गं बाय माझी

कुरणवाडीच्या माळावर सातशे गाईंचा गोठा होता. पाहुणे आले की मॅनेजर पोतनीस त्यांना दूध काढणारी यंत्रं दाखवत बसायचा नाही. २०४३ साली त्या यंत्रांचं कौतुक कुणाला? तो त्यांना थेट जनावर अडकवायच्या खोड्याकडे न्यायचा आणि म्हणायचा, "आता आमचे आप्पासो बघा."

मग सहाशे किलोची, फुरफुरणारी, चार माणसांना न आवरणारी गाय लोखंडी खोड्यात आणली जायची. आप्पासो मगदूम खांद्यावरचा टॉवेल सारखा करत पुढे व्हायचे, गाईच्या मानेवर हात ठेवायचे आणि हलक्या आवाजात म्हणायचे, "झालं गं बाय माझी, झालं."

आणि गाय दगड व्हायची! शेपूट थांबायची, कान थांबायचे, रवंथ करणारं तोंड जागच्या जागी थांबायचं. सुई तर अजून टोचलेलीही नसायची. पाहुणे तोंडात बोटं घालायचे. कुणी म्हणायचं, ह्यांच्या हाताला गुण आहे. पोतनीस म्हणायचा, "ह्यालाच माया म्हणतात, साहेब." आप्पासो लाजल्यासारखं करायचे, पण छाती अशी फुगायची की शर्टाचं बटण तुटतंय की काय वाटावं. खरं सांगायचं तर साठीला आलेल्या त्या माणसाजवळ दुसरं होतं तरी काय? शिक्षण सातवी, पदरी मूलबाळ नाही. जनावर आपल्यावर जीव टाकतं, एवढ्या एका गोष्टीवर आप्पासो उभे होते.

ह्या सगळ्यामागे एक औषध होतं. त्याचं काम कसं चालायचं ते एकदा नीट सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मेंदूचा हुकूम मज्जातंतूतून स्नायूपर्यंत येतो. तंतूच्या टोकाशी एक रसायन सुटतं, ते स्नायूवरच्या कुलपात किल्लीसारखं बसतं आणि स्नायू आकसतो. स्नायू सैल करणारी औषधं त्या कुलपात आधीच जाऊन बसतात. मग हुकूम येतो, पण कुलूप उघडत नाही. माणसांच्या ऑपरेशनमध्ये अशी औषधं शंभर वर्षं वापरात होती. मोठ्या जनावराला ती देणं म्हणजे मात्र जिवाशी खेळ, कारण श्वासाचे स्नायूही सैल पडायचे. शिवाय गाय आडवी झाली की भरलेलं पोट छातीवर चढायचं, लाळ फुप्फुसात जायची, आणि स्वतःच्याच वजनाखाली दबलेला पाय कायमचा अधू व्हायचा.

शिथिलिननं हे सगळं सोडवलं. ते नवं औषध श्वासाचे स्नायू तेवढे वगळायचं आणि बाकीचे सैल करायचं. गाईला पोटाखालच्या रुंद पट्ट्यांवर खोड्यात उभंच ठेवायचं, डोक्याला आधार द्यायचा, लाळ बाहेर गळेल असं तोंड खाली ठेवायचं. काम उरकलं की उतारा टोचायचा, पाच मिनिटांत गाय आपल्या पायांवर. औषध आलं तेव्हा गोठ्यागोठ्यात पेढे वाटले गेले, आणि का वाटू नयेत? त्याआधी दोर टाकून जनावर पाडावं लागायचं. त्यात कुणाचे दात जायचे, कुणाची बोटं जायची. आप्पासोंच्या सख्ख्या मावसभावाचा एक डोळा शिंगानं गेला होता.

पण शिथिलिन दुखणं थांबवत नव्हतं. गाय पूर्ण जागी असायची. तिला ऐकू यायचं, करवतीचा दात न् दात कळायचा, फक्त पापणीसुद्धा हलवता यायची नाही. म्हणून पुस्तिकेत ठळक अक्षरांत लिहिलं होतं की आधी सुन्न करायचं इंजेक्शन द्या, पंधरा मिनिटं थांबा, डोळ्यांत मलम घालून पट्टी बांधा, कानांत कापसाचे बोळे घाला आणि मगच शिथिलिन टोचा.

सुरुवातीला हे सगळं व्हायचं. मग दिवसाला तीस-तीस जनावरं खोड्यात यायला लागली आणि ती पंधरा मिनिटं पोतनीसच्या डोळ्यांत खुपायला लागली. एका दुपारी एका गाईचं सडलेलं शिंग सुन्न न करताच कापलं. गाय हलली नाही. "बघा, काही होत नाही," पोतनीस म्हणाला. आप्पासोंनी पुस्तिका वाचलेली होती. पण चाळीस वर्षं त्यांनी जनावराचं दुखणं एकाच रीतीनं ओळखलं होतं. ज्याला दुखतं ते हंबरतं, लाथा झाडतं. ही तर देवळातल्या नंदीसारखी उभी! ते गप्प बसले. दुसऱ्या दिवशीही गप्प बसले. तिसऱ्या दिवसापासून तो रिवाजच पडला.

आणि कापूस? कापूस आप्पासोंनी स्वतः काढला. डोळ्यांवर पट्टी, अंगाचं लाकूड, त्यात कानही बंद म्हणजे मुका जीव किती घाबरत असेल, असं त्यांना वाटलं. निदान आपलं माणूस जवळ आहे एवढं तरी तिला ऐकू येऊ दे! म्हणून ते गाईच्या कानाशी तोंड न्यायचे आणि सुई टोचायच्या आधीपासून उतारा देईपर्यंत, करवत चालताना, खुरातला पू कापून काढताना, एकच म्हणत राहायचे, "झालं गं बाय माझी, झालं." आईनं लेकराला थोपटावं तसं. शपथेवर सांगतो, त्यात तसूभरही ढोंग नव्हतं.

त्या वर्षी गोठ्यावर डॉक्टर शबाना मुजावर आल्या. वय अठ्ठावीस, जयसिंगपूरच्या, नुकत्याच पशुवैद्य झालेल्या. त्यांनी चाळीस गाईंच्या गळ्यात पट्टे बांधले. नाडी किती, श्वास किती, लाळेत भीतीचं रसायन किती, हे सगळं तो पट्टा मोजायचा. तीन आठवड्यांनी त्यांनी आप्पासोंना करंजाच्या झाडाखाली चहाला बसवलं आणि पट्ट्यांचे आकडे दाखवणारी हातातली पाटी पुढे केली.

"आप्पा, राग मानू नका. ही एक्केचाळीस नंबरची गाय. पोतनीस जवळ गेले, नाडी सत्तर. मी गेले, बहात्तर. मला तर तिनं लाथही मारली. मग तुम्ही आलात. काही केलं नाहीत, नुसतं बोललात. आता ही रेघ बघा."

रेघ सरळ उभी चढली होती. एकशे अठ्ठेचाळीस.

"मग? आनंद झाला आसंल तिला," आप्पासो हसले.

"भीतीचं रसायन सहापट झालंय, आप्पा." शबाना हळू बोलत होत्या. "पळता येत नाही, मारता येत नाही, हे दोन-तीनदा अंगात मुरलं की जनावर धडपड सोडून देतं. संकटाची चाहूल लागली की जागच्या जागी गोठतं. तुमचा आवाज आला की त्यांच्या अंगाला कळतं, आता करवत येणार."

"म्हंजे मी काय कसाई हाय?"

"तसं नाही हो. पण करवत दुसऱ्याच्या हातात असते आणि कानात मात्र तुम्ही असता."

आप्पासोंच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की त्यांनी हातातला चहा मातीत ओतला. "पोरी, तुझ्या जन्माच्या आधीपास्नं मी जनावरात हाय! गळ्यातला पट्टा मला माया शिकीवणार व्हय?" एवढं बोलून ते उठले. पुढे आठ दिवस त्यांनी शबानाकडे मान वर करून बघितलं नाही.

शबानांनी अहवाल लिहिला. सुन्न करणं पुन्हा सुरू करा, कापूस घाला, आणि आप्पासोंना काही महिने गाईंपासून लांब ठेवा. पोतनीसनं तो दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना त्याचा चेहरा उजळला.

"म्हणजे नुसता आवाज पुरतो! शिथिलिनची गरजच नाही?"

"साहेब, गाय भीतीनं गोठतेय."

"पण उभी राहतेय ना?" पोतनीस खुर्चीतून उठलाच. "औषधमुक्त गोठा! अख्ख्या राज्यात कुणाकडे नाही. पाटीच लावू."

"निदान सुन्न तरी करू द्या."

"डॉक्टर, सुन्न करायचं इंजेक्शन हेही औषधच की."

त्यानं आप्पासोंना बोलावून घेतलं आणि आवाज ध्वनिमुद्रित करायला सांगितलं. नवीन गाईंना दोनदा शिथिलिन द्यायचं आणि कानाशी ही फीत वाजवायची, तिसऱ्या खेपेपासून नुसती फीत. शबाना दारात उभं राहून म्हणाल्या, "नका देऊ, आप्पा. हात जोडते." आप्पासोंना त्यात काय ऐकू आलं? त्यांना ऐकू आलं की पोरगी हरली. त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं. चाळीस वेळा ते एकच वाक्य म्हणाले. आवाजात गोडवा यावा म्हणून त्यांनी डोळे मिटून घरच्या कवडीला समोर आणलं होतं.

कवडी ही त्यांची घरची गाय. माळावरच्या गोठ्यानं लंगडी म्हणून काढून टाकली, ती रत्नाबाईंनी हट्टानं घरी आणली. रत्नाबाई म्हणजे आप्पासोंची बायको. गोठ्यावर असताना कवडीच्या खुरात पू झाला होता, तेव्हा ती तीन वेळा खोड्यात गेली होती, आणि तिन्ही वेळा तिच्या कानाशी आप्पासोच होते. रत्नाबाईंनी तिचं खुर हळद-तेल लावून बरं केलं. भाकरीचा पहिला तुकडा तिला दिल्याशिवाय त्या जेवत नसत. आता ती पहिलटकरीण गाभण होती आणि रत्नाबाई बोटांवर दिवस मोजत होत्या. ज्या घरात पाळणा हलला नाही, तिथल्या बाईला वासराची वाट किती असते, ते मी काय सांगू!

आप्पासो गोठ्यात शिरले की कवडी खाता खाता थांबायची. "बघितलंस? मान देती मला," ते म्हणायचे.

"अवो, तोंडातला घास तसाच धरून हुबी ऱ्हाती ती," रत्नाबाई म्हणायच्या. "मला न्हाई बरं वाटत ते." आप्पासो हसून सोडून द्यायचे.

आवाज दिल्यावर पंधराच दिवसांनी, भर दुपारी रत्नाबाईंचा फोन आला. "अवो, कवडीला कळा सुरू झाल्यात! दोनी फुडचं पाय दिसाल्यात. या लवकर!"

आप्पासो मोटारसायकल दामटत घरी आले. कवडी डाव्या कुशीवर पडून जोर करत होती, दर कळेला वासराचे पांढुरके खूर वीतभर बाहेर येत होते. सगळं कसं जिथल्या तिथं होतं. वासराच्या जिभेचा शेंडासुद्धा गुलाबी दिसत होता. आप्पासोंचा जीव हरखला. ते तिच्या डोक्याशी बसले, कानामागे खाजवलं आणि म्हणाले, "झालं गं बाय माझी, झालं."

कवडी थांबली.

पुढची कळ आली नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. कवडीचे डोळे उघडे होते, श्वास भराभर चालला होता, पण पोट ढिम्म. रत्नाबाई घाबरल्या. "जोर का करंना ही?" आप्पासो म्हणाले, "दमली आसंल," आणि आणखी जवळ सरकून बोलत राहिले. रत्नाबाईंनी परसात जाऊन शबानांना फोन लावला.

शबाना वीस मिनिटांत स्कूटरवरून आल्या. आत शिरून बघितलं, हात घालून तपासलं आणि म्हणाल्या, "आप्पा, तुम्ही बाहेर जा."

"का?"

"भीती वाटली की रक्तात जे रसायन येतं ना, ते गर्भाशय सैल करतं. कळा थांबतात. रानात वाघ दिसला की हरणी विणं थांबवते, तसं. वाट अजून पुरी उघडलेली नाही, आत्ता ओढलं तर गाय फाटेल. तुम्ही लांब गेलात तर कळा परत येतील. जा, आप्पा. वेळ नाही."

"माझ्या गोठ्यातनं मला भायेर काढतीस?"

"अवो, जावा की!" रत्नाबाई म्हणाल्या. "पोरगी सांगत्या तर जावा!"

इथं तो माणूस उठला असता तर? पण उठायचं म्हणजे कबूल करायचं. सातशे गाई, एवढी वर्षं, तो मानेवरचा हात, ते पाहुणे, सगळं एका झटक्यात कबूल करायचं. आप्पासोंनी कवडीचं डोकं मांडीवर घेतलं. "बघतोच मी," ते म्हणाले. "माझ्याच आवाजावर जोर करंल ती." आणि ते बोलत राहिले. गोड बोलले, विनवून बोलले, शेवटी रडकुंडीला येऊन बोलले. कवडी त्यांच्या मांडीवर डोकं टाकून, डोळे उघडे ठेवून पडून राहिली. वासराच्या जिभेचा शेंडा आधी फिकट झाला, मग निळा पडायला लागला.

शबानांनी दंडाला धरून ओढलं, ते हलले नाहीत. मग रत्नाबाईंनी कोपऱ्यातलं खराट्याचं दांडकं उचललं. बत्तीस वर्षांच्या संसारात ज्या बाईनं नवऱ्याला अरे केलं नव्हतं, तिनं ते त्याच्या पाठीत घातलं. "ऊठ!" ती ओरडली. "ऊठ, मेल्या! भायेर हो!"

आप्पासो उठले. रस्ता ओलांडून पार उसाच्या बांधावर जाऊन बसले. पाऊण तास त्यांना फक्त उसाची सळसळ ऐकू येत होती. मग कवडीच्या कण्हण्याचा आवाज आला, एक, मग दुसरा, मग लागोपाठ. कळा परत आल्या होत्या. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. आणि मग रत्नाबाईंचा हंबरडा ऐकू आला.

कालवड होती. कपाळावर आईसारखाच पांढरा ठिपका. कवडी तिला चाटत होती, चाटून चाटून उभी करायला बघत होती. संध्याकाळपर्यंत चाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आप्पासो पोतनीससमोर जाऊन उभे राहिले. "माझा आवाज पुसा," ते म्हणाले.

"आता कसा पुसणार, आप्पा? इतरांनीही घेतलाय, अकरा गोठ्यांत वाजतोय." पोतनीसनं त्यांना पेढा दिला. औषधमुक्त गोठ्याचं प्रमाणपत्र आदल्याच दिवशी आलं होतं. शबानांनी वर तक्रार केली. उत्तर आलं की जनावराचं दुखणं मोजण्याचं मानक अजून ठरलेलं नाही. ठरेपर्यंत गाय उभी राहते की नाही, एवढंच बघितलं जाईल. शबाना नोकरी सोडून गेल्या. आप्पासोंनीही सोडली, पण त्यानं काय होणार? माळावर त्यांची गरज उरलीच नव्हती. वारा पडला की त्यांचाच आवाज वाजवणारा तिथला भोंगा घरापर्यंत ऐकू यायचा, आणि रत्नाबाई धावत जाऊन कवडीचे कान दोन्ही हातांनी झाकायच्या.

घरात आप्पासोंनी बोलायचं नाही, असं ठरलं. ठरलं म्हणजे रत्नाबाईंनी ठरवलं. स्वयंपाकघर आणि गोठा ह्यांच्यात एक भिंत. आप्पासो नुसतं "पाणी दे" म्हणाले तरी कवडी पान्हा चोरायची, कास भरलेली असून थेंब सोडायची नाही. रत्नाबाई भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. "तुमी घरात बोलू नगा," एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून आप्पासो खुणेनं जेवायला मागत, खुणेनं पाणी मागत. खोकला आला तर उठून रस्त्यावर जात. बोलायची हौस असलेला माणूस तो. गावात कुणी भेटलं तरी आता त्यांच्या तोंडून शब्द फुटेना, कारण स्वतःचा आवाज कानावर पडला की त्यांच्या अंगावर शहारा यायचा.

चार महिने असे गेले. एका सकाळी रत्नाबाई बादली घासत असताना आप्पासो हिरव्या मक्याचा भारा घेऊन गोठ्यात शिरले. अनवाणी, आवाज न करता. कवडी पाठमोरी होती. त्यांनी भारा गव्हाणीत टाकला आणि कुणाला माहीत काय मनात आलं, तिच्या मागच्या मांडीवर हात ठेवला. माफी मागायची असेल. तोंडानं मागता येत नव्हती, म्हणून हातानं.

कवडीनं लाथ मारली.

अशी सणसणीत बसली की नडगीचं हाड कडकन वाजलं आणि आप्पासो भिंतीवर आपटून शेणात बसले. पहिला क्षणभर त्यांना आनंदच झाला. कवडीनं लाथ मारली! त्यांना! खोड्यातल्या एका तरी गाईनं अशी मारली असती तर! मग कळ मस्तकात गेली. पाय गुडघ्याखाली भलत्याच बाजूला वळला होता. घशात ओरड आली, पार दातांपर्यंत आली. समोर कवडी मका खात होती, शेपूट हलवत होती, कान फडफडवत होती. एक "आई गं" तोंडून सुटली असती तर ते सगळं थांबलं असतं. आप्पासोंनी खांद्यावरचा टॉवेल तोंडात कोंबला आणि दात आवळले. घाम नुसता वाहत होता.

रत्नाबाई बादली घेऊन आत आल्या. भिंतीला टेकून बसलेल्या नवऱ्याकडे त्यांनी बघितलं. अंधुक कोपऱ्यात शेणानं भरलेलं धोतर तेवढं दिसलं.

"लाथ मारली व्हय?"

आप्पासोंनी मान हलवली.

"लागलं?"

त्यांनी पायाकडे बोट दाखवलं. रत्नाबाई घटकाभर बघत राहिल्या. माणूस नुसता बसला होता, हूं नाही की चूं नाही.

"मुका मार आसंल," त्या म्हणाल्या. "शेक घालू मागनं. आता उठू नगा, ती बुजंल."

आप्पासोंनी पुन्हा हात वर केला. पण तोवर त्या पाठ करून बसल्या होत्या, आणि कवडीनं पान्हा सोडला होता. बादलीत धार वाजायला लागली. त्या दिवशी कवडीनं चार लिटर दूध दिलं. ते सगळं काढून होईपर्यंत आप्पासो तिथंच होते.